ई-पुस्तकाची संहिता आणि जुने वाचनयंत्र : काव्यरूपाच्या जतनाचा प्रश्न

ई-पुस्तकाला ध्वनी, चलच्चित्र आणि विशिष्ट अक्षरवळण यांची जोड देता येऊ लागली. तरीही ते जुन्या वाचनयंत्रावर वाचता यावे, ही अपेक्षा वरवर तांत्रिक वाटते. परंतु साध्या यंत्रावर कृतीतील काय गळाले तरी चालेल हे ठरविताना कृतीत अवश्य काय, याचा निर्णय करावाच लागतो. हा निर्णय समीक्षेचा आहे.

फेबर आणि टच प्रेस यांनी जून २०११ मध्ये टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ची आयपॅडसाठी आवृत्ती काढली. तीत खुद्द एलियटसह अनेकांची वाचने, फिओना शॉ यांचे चित्रित सादरीकरण, हस्तलिखिताची पाने आणि टिपा होत्या. बहुस्वरी कवितेला अनेक आवाज लाभणे अर्थपूर्णच होते. पण ही समृद्धी एका यंत्राशी बांधलेली होती. ध्वनी वगळला तरी ही कविता उरते. ओळींची रचना बिघडली तर मात्र तिचे रूपच बिघडते.

ॲमेझॉनने २०११ मध्येच केएफ-८ ही रचना जाहीर केली. आधीच्या मोबी रचनेत अक्षरवळण अंतर्भूत करता येत नसे आणि मांडणीची साधनेही तोकडी होती. म्हणून किंडलजेन ही प्रणाली एकाच फाइलमध्ये नवी आणि जुनी अशा दोन्ही रचना तयार करीत असे. दोहोंना वेगळे मांडणीनियम देता येत. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हे एकाच ग्रंथातील दोन पाठ होत. मुक्तछंदातील लांब ओळ अरुंद पडद्यावर दुमडते, तेव्हा ती कवीने तोडली की यंत्राने, हे कळावे म्हणून दुमडलेला भाग आत सरकवितात. जुन्या पाठात ही खूण हरवली, तर वाचकापुढे दुसरीच कविता येते.

देवनागरीत हा प्रश्न अक्षरापर्यंत पोहोचतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेद ‘र’च्या रूपावर अवलंबून आहे. जोडाक्षरे नीट न जुळविणाऱ्या यंत्रासाठी पानांची चित्रे घातली, तर अक्षर शाबूत दिसते. परंतु शब्दशोध, अक्षर मोठे करून मजकूर नव्याने जुळविणे आणि अंध वाचकासाठी यंत्रवाचन या सोयी जातात. युनिकोड संहिता जुन्या पडद्यावर विस्कटली, तरी तिच्यातील भेद नष्ट होत नाही.

येथे पोथीपरंपरेचे स्मरण उद्बोधक ठरते. पोथ्यांत ओव्या सलग लिहिल्या जात. ओवीचा शेवट दंड आणि क्रमांक दाखवीत. पानाची रुंदी बदलली तरी ओवी मोडत नसे, कारण रूपाची खूण मोकळ्या जागेत नव्हे, तर संहितेत होती. मुक्तछंदाच्या ई-आवृत्तीतही ओळ आणि कडवे यांच्या खुणा प्रथम संहितेत नोंदविल्या पाहिजेत. अलंकरण त्यावर चढवावे.

अर्थात, ही कसोटी सर्वत्र लागू पडत नाही. ईस्टगेटने १९९० मध्ये प्रकाशित केलेल्या मायकेल जॉइसच्या ‘आफ्टरनून, अ स्टोरी’त दुवे हाच रूपबंध आहे, ते काढले तर मूळ कृती उरत नाही. म्हणून जुन्या यंत्रासाठी काय वगळले, हे संपादकाने आवृत्तीतच नमूद करणे आवश्यक ठरते. न सांगता केलेली काटछाट पुढील अभ्यासकाला मूळ पाठ म्हणूनच भेटेल.