‘उलट क्रमानें जोडावें’

वाङ्मयाचे प्रकार मोजतांना आमचे टीकाकार काव्य, नाटक, कादंबरी आणि निबंध येथवर येऊन थांबतात. फार झालें तर पत्रें व दैनंदिनी यांस ओसरीवर जागा देतात. यंत्र उलगडून पुन्हां जोडण्याची रीत सांगणारें पुस्तक हेंहि वाङ्मय आहे, असें म्हटल्यास पुष्कळांस हंसूं येईल. तथापि ओळीवर बोट ठेवून जें गद्य वाचलें जातें, त्यांत या पुस्तकांची गणना करावीच लागते. कादंबरीचीं दोन पानें एकदम उलटलीं तर वाचकाचें फारसें बिघडत नाहीं. येथें एक ओळ गाळली तर इंजिन बिघडतें. अशा गद्याची परीक्षा व्हावयास हवी, आणि ती आम्ही जुन्या फियाट गाडीच्या निमित्तानें करणार आहों.

फियाटच घेण्याचें कारण असें. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यांतून निघालेली ही गाडी, जिला पुढें पद्मिनी हें नांव मिळालें, मुंबईच्या मध्यमवर्गाची घरची गाडी होती, आणि काळ्या-पिवळ्या रंगांत सर्वांचीच भाड्याची गाडी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. उरल्या त्या खासगी मालकांच्या. त्यांचीं इंजिनें आतां कोणा हौशी गृहस्थानें घरच्या घरीं, अथवा एखाद्या वृद्ध मिस्त्रीनें रस्त्याच्या कडेला सुधारावयाचीं. गिरगांवच्या चाळींत मोटारीसाठीं वेगळी खोली कोठून असणार? जिन्याखालीं गोणपाट अंथरून, गॅलरींत वर्तमानपत्रावर वाल ओळीनें मांडून, ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या दुकानांतून रिंगा आणि बेरिंगें आणून हें काम करावयाचें. मूळचें पेट्रोल इंजिन तसें साधें आहे: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर, म्हणजे एकूण १०८९ घन सेंटिमीटर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचें हेड, आणि क्रँकला तीन मुख्य बेरिंगें.

या जातीच्या पुस्तकांत सर्वांत नांवाजलेली माला इंग्लंडांतील जॉन हेन्स यांची. तिचा पहिला ग्रंथ १९६६ सालीं निघाला, आणि गाडी प्रत्यक्ष उलगडून व पुन्हां जोडूनच पुस्तक लिहावयाचें, हा तिचा नेम. ग्रंथकारानें अगोदर स्वतःचे हात काळे करावे, ही अट आमच्या इतर वाङ्मयप्रकारांस लावली तर प्रकाशकांस पुष्कळ विश्रांति मिळेल! असें असूनहि या मालेंत, आणि अशा बहुतेक सर्व पुस्तकांत, एकाच अर्थाचें विधान पुनःपुन्हां भेटतें: जोडणी ही उलगडणीच्या उलट क्रमानें करावी. आमच्या मतें या वाङ्मयांतील सर्वांत असत्य विधान तें हेंच.

उलगडतांना पुढें काय येणार हें यंत्रच सांगतें. हेड काढल्यावांचून पिस्टन वर निघत नाहीं. तेलाचा चेंबर उतरविल्यावांचून कनेक्टिंग रॉडचे बोल्ट हाताशीं येत नाहींत. क्रम चुकणें तेथें जवळजवळ अशक्य असतें. जोडतांना मात्र यंत्र मुकें होतें. एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला लागते, आणि तेंच घातक. कारण प्रत्येक कॅप आपल्या रॉडसह एकत्र बोअर केलेली असते, आणि अदलाबदल झाली कीं क्रँक धरतो. रिंग उलटी घातली तरी ती निमूटपणें आंत जाते. पुढें इंजिन तेल पिऊं लागलें म्हणजे चूक कळते.

आणि क्रम बिनचूक साधला तरी उलगडणी व जोडणी यांच्या मध्यें एक विस्तीर्ण प्रदेश आहे, ज्यावरून हें विधान उडी मारून जातें. तो निवाड्याचा प्रदेश. सिलिंडर वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन काटकोनी दिशांनीं मोजावा लागतो, कारण झीज सर्वत्र सारखी होत नाहीं. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थबकतो. तेथेंच जळत्या वायूचा दाब सर्वांत अधिक आणि तेल सर्वांत कमी. त्यामुळें भिंत वरच्या अंगाला अधिक झिजते, आणि रिंग जेथून मागें फिरते तेथें एक कड उरते. ती नखाला लागते. ती किती असली म्हणजे नुसत्या नव्या रिंगांवर भागेल, आणि किती असली म्हणजे ब्लॉक बोअरिंगला द्यावा? पुस्तक आंकडा देतें. पण गाडी घाट चढणार कीं गिरगांवाहून दादरपर्यंतच जाणार, वाढीव मापाचे पिस्टन बाजारांत मिळतील काय, घरांत या हौशीसाठीं पैसा किती, हे प्रश्न त्या आंकड्यांत मावत नाहींत. मिस्त्री लोक हा सारा निवाडा ‘हाफ इंजिन’ कीं ‘फुल इंजिन’ एवढ्या दोन शब्दांत मांडतात. पुढच्या कामाला ते ‘इंजिन बांधणें’ म्हणतात. जसें घर बांधणें. इंग्रजी पुस्तकाच्या विधानापेक्षां हा शब्द अधिक खरा आहे, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

आतां मराठीकडे वळूं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं झालेलें तें कार्य आम्ही थोर मानतों. यंत्रविषयक नोंदींत तेथें पिस्टनला दट्ट्या म्हटलें आहे. शब्द मुळींच वाईट नाहीं. पिचकारीमुळें तो लहान मुलांसहि ठाऊक. आमची तक्रार नामांविषयीं नसून क्रियापदांविषयीं आहे. आमच्या शास्त्रीय गद्यांत सर्व कांहीं ‘केलें जातें’ आणि ‘बसविलेलें असतें’. कोणी करीत नाहीं, कोणाचा हात लागत नाहीं, कोणाचें चुकत नाहीं. कोशाला तें शोभतें. कोश कांहीं गोणपाटावर बसून वाचावयाचा नसतो. उलट परळ-लालबागच्या वर्कशॉपांत आटे मरतात, बोल्ट नुसता फिरतो, वाल बसतो, क्रँक धरतो, इंजिन तेल पितें. तेथें नामें परकीं आणि क्रियापदें घरचीं. आमच्या परिभाषेंत नामें घरचीं आणि वाक्याची घडण परकी. यांतील मराठी कोणती म्हणावी, हें वाचकांनींच ठरवावें.

वाङ्मय आणि लेथ यांचें आमच्याकडे मूळचें वैर नाहीं. शं. वा. किर्लोस्कर यांनीं १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढलें तें कारखान्याच्या आश्रयानें. पुढें तें घरोघरचें मासिक झालें. मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘कांहीं कविता’ या संग्रहानें यंत्रयुगाला कवितेंत आणलें, आणि नारायण सुर्वे यांनीं गिरणगांवचा माणूस कवितेंत उभा केला. पण मर्ढेकरांचें यंत्र माणसाला चिरडणारें, आणि सुर्व्यांची दृष्टि यंत्रापेक्षां त्यापुढें राबणाऱ्या माणसावर. दोघांचाहि तो हक्क होता. बिघडलेल्या यंत्रापुढें बसलेला माणूस विचार कसा करतो, हें गद्य मात्र लिहावयाचें राहिलें. गिरणीच्या खात्यांतील फिटरांपाशीं तें ज्ञान होतें. हाताला निवाडा लागला म्हणजे साचा काय आणि मोटार काय. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, मागाहून गिरण्या बंद पडत गेल्या आणि ते हात पांगले. मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं गिरणगांवच्या लोकांच्या मुलाखतींचा मोलाचा ग्रंथ २००४ सालीं इंग्रजींत सिद्ध केला, पण त्याचा विषय वस्ती, चळवळ आणि संप हा होता. हातांतल्या पान्याचें ज्ञान त्यांत शोधणें अन्यायाचें होईल.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनीं १९७४ सालच्या आपल्या मोटरसायकलविषयक ग्रंथांत एका अडकून बसलेल्या स्क्रूचें मोठें चिंतन केलें आहे. आम्हांस तें कोठें कोठें फार लांबलेलें वाटतें. पण पुस्तक जेथें गप्प होतें तेथेंच त्यांनीं बोलावयास आरंभ केला, हें खरें. आम्हांस मराठींत तत्त्वज्ञान नको, एवढेंच हवें. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, आणि दोन-तीन खेपांनीं थोडथोडे आवळावयाचे, हें आकृतींत आंकडे घालून सर्व पुस्तकें दाखवितात. कडेचे नट आधीं आवळले तर मधल्या भागांत पॅकिंग मोकळें राहतें आणि हेड वांकडें बसतें. मधून आवळीत गेलें म्हणजे तें दाबत दाबत कडेपर्यंत सपाट होत जातें. एवढें लिहिलेलें असलें तर जिन्याखालीं बसलेल्या माणसाला ती आकृति पाठ करावी लागत नाहीं.