कोरडी चारी पाहून पिकाची तहान ठरवू नये

वर्तमानपत्रांत एक चित्र नेहमी येतं. राखाडी मेंदू, त्यावर लाल-पिवळे ठिपके, आणि खाली ओळ असते की विचार करताना मेंदूचा हा भाग 'उजळतो'. आमचा आक्षेप या ओळीवर आहे. फंक्शनल एमआरआय चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. तो मोजतो रक्तातला बदल.

ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं. त्यावरून मेंदूचं चित्र काढता येतं, हे सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला, की तिथल्या बारीक धमन्या रुंदावतात, गरजेपेक्षा जास्तच ताजं रक्त येतं, गडबड कमी होते आणि संकेत वाढतो. तोही ५-६ सेकंद उशिरा.

आता आपल्या मोताळ्याकडचं घ्या. समजा, नळगंगेच्या कालव्यावरचं एक गेट गंजून अडकलं. पीक सुकतंय, पण चारी कोरडी. ती पाहून 'पिकाला पाणी नको' असं कुणी म्हणेल का? रक्तवाहिन्यांचंही तसंच आहे. वय, रक्तदाब, मधुमेह यांनी त्यांचा प्रतिसाद मंदावतो. कॉफीतल्या कॅफीननेसुद्धा मेंदूतला रक्तप्रवाह घटतो. म्हणून आजीचा मेंदू नातीपेक्षा कमी चालतो, हे नुसत्या ठिपक्यांवरून ठरवणं चूक आहे.

खरा धोका शस्त्रक्रियेत आहे. गाठीजवळच्या वाहिन्या प्रतिसाद देत नसतील, तर बोलण्याचा भाग शाबूत असूनही चित्रात कोरा दिसू शकतो. तो निकामी समजून कापला, तर माणसाची वाचा जाईल. म्हणून अशा ठिकाणी रुग्णाला जागं ठेवून, विजेचा सौम्य झटका देऊन तो भाग तपासतात.

वाहिन्या तपासायची एक सोपी रीतही आहे. मशीनमध्ये १५-२० सेकंद श्वास रोखायला सांगतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, निरोगी वाहिन्या रुंदावतात. ज्या हलत नाहीत त्या कळतात. अर्थात, थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला श्वास तेवढा रोखता येईलच असं नाही, म्हणून ही रीतही जपूनच वापरावी लागते.

तंत्र आम्हाला नाकारायचं नाही. पुढच्या वेळी दोन मेंदूंची तुलना करणारं चित्र दिसलं, तर एवढंच विचारा: दोघांच्या रक्तवाहिन्या तपासल्या होत्या का?