किलोचा हिशोब आणि सळईची जागा : ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील लोखंडाच्या अंदाजपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात आरसीसी इमारतीचा विषय निघाला की लोखंडाचा प्रश्न आरंभीच येतो. 'चौरस फुटाला किती किलो?' या प्रश्नाला 'चार किलो धरा' असे सरधोपट उत्तर मिळते, आणि कंत्राटदाराचा दर, विकासकाचे अंदाजपत्रक व रहिवाशांचा विश्वास ही तिन्ही त्या एका आकड्यावर उभी राहतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथील लकी कंपाऊंडमधील बांधकामाधीन बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून ६ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनांचे कारण केवळ लोखंडाच्या हिशोबात शोधणे अशास्त्रीय ठरेल. तथापि, आपल्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये नेमके काय आहे हे रहिवाशांना कळण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर उरतो. किलोचा आकडा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ठोकताळ्याची मर्यादा :
पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरली जाते. त्यामुळे काँक्रीटच्या घनफळाच्या १ टक्का लोखंड म्हणजे घनमीटरला ७८.५ किलो होय. स्लॅबला १ टक्का, बीमला २ टक्के, कॉलमला अडीच टक्के, असे ठोकताळे सर्रास वापरले जातात. प्राथमिक अंदाजासाठी ते सोयीचे आहेत, हे मान्य करावयास हवे. परंतु आयएस ४५६ : २००० या संहितेने कॉलममधील उभ्या लोखंडासाठी किमान ०.८ टक्के व कमाल ६ टक्के अशी मर्यादा घातली आहे. या दोन टोकांत साडेसात पटींचे अंतर आहे. तळमजल्यावरील मधला कॉलम आणि वरच्या मजल्यावरील कोपऱ्यातील कॉलम यांना एकच टक्केवारी लावणे म्हणजे दोघांच्याही गरजेकडे दुर्लक्ष करणे होय.

मापाच्या भाषेतही असाच सैलपणा आढळतो. साइटवर १२ मिमीच्या सळईला आजही 'चार सूत' म्हटले जाते. वास्तविक चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिमी. व्यासाच्या मिलिमीटरमधील वर्गाला १६२ ने भागले असता सळईचे मीटरला किलोतील वजन मिळते. १२ मिमीसाठी ते ०.८८८ किलो, तर १२.७ मिमीसाठी ०.९९६ किलो येते. बोलण्यातील अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक फरक वजनात सुमारे १२ टक्के होतो. शिवाय आयएस १७८६ : २००८ नुसार १० मिमीपर्यंतच्या सळयांच्या एकूण मालात प्रमाण वजनापेक्षा ७ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक चालते. त्यामुळे वजनकाट्यावर उतरलेले लोखंड आणि नकाशातील सळयांची संख्या यांचा मेळ आपोआप बसत नाही.

वजन तेच, ताकद कमी :
याहून गंभीर मर्यादा जागेची आहे. १२५ मिमी जाडीची, १.२ मीटर बाहेर आलेली व ३ मीटर लांबीची बाल्कनी उदाहरणादाखल घेऊ. १० मिमीच्या सळया १५० मिमी अंतरावर बसविल्यास २१ सळया लागतात. त्या आतील स्लॅबमध्ये १.८ मीटर नेल्यास प्रत्येकीची लांबी ३ मीटर आणि एकूण वजन सुमारे ३८.९ किलो होते. यातील तीन पंचमांश लोखंड बाल्कनीच्या क्षेत्रफळाबाहेर आहे. चौरस फुटाच्या हिशोबाला ते दिसत नाही, परंतु बाल्कनी त्याच लोखंडाने धरून ठेवलेली असते.

अशा बाल्कनीत ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळया वर हव्यात. २० मिमी कव्हर धरल्यास परिणामकारक खोली १०० मिमी राहते. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली जाळी २५ मिमीने दबली, तर ही खोली ७५ मिमी होते व वाकणुकीला तोंड देण्याची क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटते. जाळी तळाशीच बसली तर क्षमता जवळजवळ संपते. या तिन्ही स्थितींत वजन ३८.९ किलोच भरते. किलोचा आकडा खरा असूनही बाल्कनी धोकादायक असू शकते.

रिंगचे मोल :
बार बेंडरची मजुरी जेथे टनावर ठरते, तेथे वजनाचा हिशोब कामाच्या दर्जावरही परिणाम करतो. २३० × ४५० मिमीच्या कॉलमची ८ मिमीची रिंग सुमारे १.२ मीटर सळईची, म्हणजे ०.४७ किलोची असते. ती करण्यासाठी सळई पाच ठिकाणी वाकवावी लागते. याउलट १६ मिमीची ३ मीटर सरळ सळई ४.७ किलोची भरते. रिंगला श्रम अधिक आणि मोबदला दहावा हिस्सा! आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत ठाणे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात दर्शविले होते. आयएस १३९२० : २०१६ नुसार रिंगचा हुक १३५ अंशांत वाकवून त्याचे टोक किमान ६५ मिमी आत असावे लागते. भूकंपात उभ्या सळयांना बांधून ठेवणारी ही रिंगच टनाच्या हिशोबात सर्वांत उपेक्षित ठरते.

निष्कर्ष :
या उणिवेवरील उपाय नवा नाही. आयएस २५०२ : १९६३ ही सळया वाकविण्या-बसविण्याची संहिता कित्येक दशके उपलब्ध आहे. बार बेंडिंग शेड्यूलमध्ये घटक, सळईची खूण, व्यास, आकार, लांबी व संख्या यांनंतर अखेरीस वजन येते. प्रचलित व्यवहाराने हा अखेरचा रकाना तेवढा ठेवून आधीचे सारे पुसून टाकले आहेत. शेड्यूल असले म्हणजे सळई जागेवर बसलीच, असे नव्हे. त्यासाठी काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्याने नकाशा व शेड्यूल हातात घेऊन प्रत्यक्ष तपासणी करणे आवश्यक आहे. तपासलेल्या शेड्यूलची प्रत गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी राहिल्यास, तीस-चाळीस वर्षांनी संरचनात्मक तपासणी करणाऱ्याला निदान कोठून आरंभ करावा हे समजेल.

अध्यापकांचीही यात जबाबदारी आहे. अंदाजपत्रकाच्या प्रश्नात विद्यार्थ्याच्या अंतिम किलोला गुण देताना, ती सळई वर की खाली आणि कोठपर्यंत, हेही विचारले गेले पाहिजे. वर्गात जो प्रश्न विचारला जात नाही, तो साइटवर विचारला जाईल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.