एका मिनिटात ‘म्हणे’ मावत नाही का?

अहिल्यादेवींच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने छोट्या व्हिडिओंचा जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. एक मिनिट, दीड मिनिट, फार तर तीन मिनिटं. काही हिंदीत, काही मराठीत, बरेच दोन्हींच्या खिचडीत. आपल्या इंदूरच्या घराघरांतल्या फोनवर ते फिरतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात पडद्यावर दाखवले जातात आणि त्यावरून मुलं भाषणं पाठ करतात. म्हणून एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं या व्हिडिओंचंही कुणीतरी करायला हवं. मी वीसेक व्हिडिओ नीट, दोन-दोनदा पाहिले. कुणा एकाला धारेवर धरायचं नाही म्हणून नावं घेत नाही. सगळ्यांत जास्त वेळा भेटलेली एकच गोष्ट घेतो.

ती गोष्ट इंदूरच्या माणसाला सांगायला नको. मालेरावांच्या रथाखाली वासरू चिरडलं. गाय रस्त्यातच बसून राहिली. अहिल्यादेवींनी विचारपूस केली आणि पोटच्या पोराला हातपाय बांधून त्याच रस्त्यावर टाकायचा हुकूम दिला. रथ हाकायला कुणी धजेना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. पण ती गाय पुन:पुन्हा रथाच्या आडवी आली, म्हणून त्या जागेचं नाव आडा बाजार. राजवाड्याजवळ आजही आहे, जाऊन बघा!

व्हिडिओत ही गोष्ट फार परिणामकारक दिसते. मागे सात मजली राजवाडा, सिंहासनावर पांढऱ्या वस्त्रातल्या देवी, समोर साखळदंडातला तरुण राजपुत्र, ढोल-नगारे, आणि शेवटी डोळ्यांत पाणी असलेली गाय. पाहणाऱ्याला वाटतं, हे असंच घडलं.

आता साध्या तारखा मांडून बघू. अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव मे १७६६ मध्ये आलमपूरला वारले. त्यानंतर सुभेदारीची वस्त्रं मालेरावांना मिळाली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, १७६७ मध्ये, तेही गेले. अहिल्यादेवींचा कारभार सुरू झाला तो यानंतर. म्हणजे ही घटना मल्हाररावांच्या हयातीत घडली असेल तर न्यायासनावर मल्हारराव हवेत, आणि ते गेल्यावरची असेल तर गादीवर खुद्द मालेराव हवेत. राणी सिंहासनावर आणि राजपुत्र आरोपी, हे चित्र कुठल्याच वर्षात बसत नाही. शिवाय राजधानी म्हणून त्यांनी निवडलं महेश्वर. इंदूर होळकरांची राजधानी झालं ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. मागे दिसणाऱ्या राजवाड्याचं म्हणाल, तर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं-जाळलं, आणि पुढेही तो वाडा आगींतून गेला, दुरुस्त होत राहिला. आजचा दर्शनी भाग जसाच्या तसा अठराव्या शतकात नेऊन ठेवणं म्हणजे फोटो काढून त्याला जुना रंग देण्यासारखं आहे.

मालेरावांच्या शेवटाबद्दल निराळीच हकिकत मिळते. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कमने जुन्या माणसांना विचारून जी माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये छापली, तीत मालेरावांच्या हातून एका निरपराध कशिदेकाराचा जीव गेल्याचं, पश्चात्तापाने त्यांना वेड लागल्याचं आणि आई दिवसरात्र त्यांच्या उशाशी बसून राहिल्याचं वर्णन आहे. मेलेल्या माणसाने झपाटल्याची समजूतही त्यात आहेच, तेव्हा माल्कमचा शब्दही अखेरचा नव्हे. पण दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. एकीकडे मुलावर रथ घालायला निघालेली आई, दुसरीकडे आजारी, अपराधी मुलाच्या उशाशी बसलेली आई. आपण मुलांना पहिलीच दाखवतो, आणि तीही पक्की खबर म्हणून. एका माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दुःखाबद्दल आपण बोलतोय, एवढं तरी भान हवं की नाही?

या गोष्टीचं गोत्रही पाहण्यासारखं आहे. तमिळ प्रदेशात तिरुवारूरला मनुनीती चोळ राजाची कथा अशीच सांगतात: राजपुत्राच्या रथाखाली वासरू येतं, गाय राजाच्या दारची घंटा वाजवते, आणि राजा मुलावर रथ घालतो. बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणम्’ मध्ये ती आहे. श्रीलंकेच्या ‘महावंसा’त एळार राजाबद्दल जवळजवळ हीच कथा येते. म्हणजे न्यायी राजा कसा असावा हे सांगणारी ही एक फिरती कथा. लोकांना जो राज्यकर्ता तसा वाटला, त्याच्या दारी ती येऊन बसली. आडा बाजार हे नाव काही पुरावा नव्हे. आडवा जाणारा रस्ता ‘आडा’ म्हणवला जातोच की. नाव आधी आणि गोष्ट मागून, असं आपल्या गावोगावी घडलेलं आहे.

मग ही गोष्ट सांगूच नये का? माझं म्हणणं तसं बिलकुल नाही. दक्षिणेत एका राजाला मिळालेला मान माळव्याच्या लोकांनी एका विधवा बाईला दिला, ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती दंतकथा आहे म्हणूनच ती मोलाची. लोकांनी तिला कसं पाहिलं, याची ती साक्ष आहे. पण ती साक्ष लोकांच्या मनाची, १७६६ च्या घटनेची नव्हे. हा फरक सांगणं हे इतिहास शिकवणाऱ्याचं पहिलं काम.

इथे व्हिडिओवाल्यांचं ठरलेलं उत्तर येतं: “काका, एका मिनिटात किती सांगणार?” मला हे उत्तर पटत नाही. आपल्या मराठीत ‘म्हणे’ असा एक शब्द आहे. ‘गाय म्हणे आडवी आली.’ अर्धा सेकंद लागतो. आपल्या आज्या हीच गोष्ट सांगायच्या तेव्हा वाक्यागणिक ‘म्हणे’ असायचं, ‘असं सांगतात हो’ असायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ऐकीव आणि पाहिलेलं यातला भेद ठाऊक होता आणि भाषेने तो सांभाळला होता. हिंदीतही ‘कहते हैं’ आहेच. तो शब्द व्हिडिओत गळतो, तो वेळ नाही म्हणून नव्हे. ‘म्हणे’ म्हटलं की ठसका कमी होतो, म्हणून तो गाळला जातो.

खरी अडचण चित्राची आहे. बोलण्यात ‘म्हणे’ घालता येतं, चित्रात कसं घालणार? हल्ली तर संगणकाला दोन ओळी सांगितल्या की तो दरबार काढून देतो, मग त्यात मराठा पगडीच्या जागी राजपूत साफा आला तरी कुणाला पत्ता नाही. चित्र हे ‘असंच होतं’ असंच म्हणतं. म्हणून दंतकथा सांगताना पडद्यावर दरबार नकोच. आजचा आडा बाजार दाखवा, तिथला दुकानदार ती गोष्ट सांगताना दाखवा. गोष्ट सांगणारा माणूस दिसला की ती कुणीतरी सांगतंय हे मूलसुद्धा ओळखतं.

आणि खऱ्या गोष्टींत रंग नाही असं थोडंच आहे? मल्हाररावांनी १७६५ च्या सुमारास सुनेला लिहिलेल्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या, दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना आहेत. मोडी पत्राचं छायाचित्र, त्यावरून सरकणारं बोट आणि वाचणारा आवाज, दीड मिनिट पुरे. सासऱ्याने सुनेला कारभारात कसं तयार केलं हे त्यातून जितकं कळेल तितकं दहा भाषणांतून कळणार नाही. मालेराव गेल्यावर गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी दत्तकाचा घाट घातला, राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले, आणि थोरल्या माधवरावांनी अहिल्यादेवींची बाजू घेतली. यात नाट्य कमी आहे का? किंवा खासगी आणि दौलत यांतला फरक घ्या. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर मिळाली. पुढे अहिल्यादेवींचा काशीपासून सोमनाथपर्यंतचा दानधर्म या खासगीच्या उत्पन्नावर चालला. तिजोरी दोन, हिशेब दोन. ‘राणीने एवढी देवळं बांधली’ याच्या पुढे जाऊन ‘पैसा कुठून आला’ हे सांगणारा व्हिडिओ मला वीसांत एकही सापडला नाही.

चांगलं काही दिसलंच नाही असं मात्र नाही. महेश्वरच्या घाटावर उभा राहून एक तरुण किल्ल्याची तटबंदी, नदीची पातळी आणि घाटाच्या पायऱ्या एवढंच दाखवतो. संगीत नाही, दरबार नाही. पाहून वाटलं, याने जागा पाहिली आहे. एका मिनिटाच्या व्हिडिओचं बळ तेच: जागा, वस्तू, कागद डोळ्यांसमोर आणणं.

आपल्याकडे यात लक्ष घालायचं कारणही आहे. इंदूरच्या मराठी घरांतली तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, पण सरसर वाचत नाही. मोडीचं तर नावच नको. पारसनिसांनी छापलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ किंवा वा. वा. ठाकुरांनी इथेच संपादित केलेली ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ ती उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी इतिहासाचं दार म्हणजे हा व्हिडिओच. त्या दारातून आत शिरल्यावर भिंतीवरचं रंगीत चित्रच हाती लागणार असेल, तर दोष मुलांचा नव्हे.

तेव्हा नुसतं नाक मुरडण्यापेक्षा मंडळाने दोन कामं करावीत असं मला वाटतं. व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींना बोलवून छापील साधनांतली पाच-सहा पत्रं त्यांच्यासमोर वाचावीत आणि त्यांनाच विचारावं, यातलं काय दाखवाल? आणि आडा बाजाराचा व्हिडिओ पुढच्या वेळी आपल्या फोनवर आला की पुढे ढकलण्याआधी खाली एक ओळ आपण लिहावी: ‘ही कथा लोक सांगतात, मालेराव १७६७ मध्ये आजाराने गेले.’ टंकायला व्हिडिओपेक्षा कमी वेळ लागतो.