दिसायला खरे, पण शिकवायला?

शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटावर मानवी धडाची प्रतिकृती असते. पुढचे झाकण काढले की यकृत, जठर, आतडी एकेक करून बाहेर काढता येतात. एकदा ते आतडे परत बसवताना नववीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, पोट आतून खरंच इतकं सुटसुटीत असतं का?” अवयव कुठे असतात ते त्या धडाने तिला नीट शिकवले होते. पण ते पातळ पडद्यांनी बांधलेले, ओले, निसरडे आणि सतत हलणारे असतात, याचा त्यात पत्ता नव्हता.

खऱ्या रोग्याऐवजी त्याच्या प्रतिरूपावर सराव करणे, म्हणजेच सिम्युलेशन, आता वैद्यकीय शिक्षणात रुळले आहे. त्याची स्तुती पुष्कळ होते. पण तो मुलीचा प्रश्न तिथेही विचारायला हवा. त्यासाठी एक गाजलेले काम घेऊ.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९४ साली ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पातला पुरुष सर्वांसाठी खुला केला. हे शरीर जोसेफ पॉल जर्निगन याचे होते. टेक्सासमध्ये १९९३ साली, वयाच्या ३९व्या वर्षी, त्याला मृत्युदंड दिला गेला. देहदानाला त्याने संमती दिली होती. पण त्या देहाचे पुढे असे काही होणार आहे, याची त्याला कल्पना नव्हती. कोलोरॅडो विद्यापीठात ते शरीर गोठवले. मग एक मिलिमीटरचा थर खरवडून काढायचा, उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घ्यायचे, पुन्हा पुढचा थर. अशी १,८७१ छायाचित्रे झाली. शेवटी शरीर उरले नाही, चित्रे उरली. १९९५ साली ५९ वर्षांच्या एका स्त्रीचे शरीर याच पद्धतीने, पण ०.३३ मिलिमीटरच्या थरांनी नोंदले गेले. तिची छायाचित्रे ५,१८९. (थरांची संख्या आणि जाडी यांचा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा. दोन माणसांची लांबी हाती येते.)

काम थोर आहे, यात वाद नाही. ही चित्रे संगणकात एकावर एक रचली की शरीर हव्या त्या दिशेने कापून पाहता येते. चित्रकाराने सोपे करून काढलेल्या आकृतीत हे कधीच शक्य नव्हते.

पण ‘मानवी शरीर’ म्हणून जगभर पाहिले गेलेले हे शरीर एका माणसाचे आहे. त्याचे अपेंडिक्स आधीच काढलेले होते आणि एक वृषणही नव्हते. स्त्रीची मासिक पाळी थांबलेली होती. अर्थात ‘सर्वसाधारण माणूस’ कुठेच भेटत नाही, हे आपण समजून घेऊ शकतो. मला खटकते ते निराळे. छायाचित्र आकार आणि रंग देते. वागणूक देत नाही. यकृत ओढले तर किती ताणते, रक्तवाहिनी कापली गेली तर किती वेगाने रक्त येते, हे गोठलेल्या मृतदेहाच्या चित्रात असणारच नाही. सराव-यंत्रात ते गुण बनवणाऱ्याला बाहेरून भरावे लागतात. शल्यचिकित्सकाचा हात नेमके तेच शिकत असतो.

याच्या उलट एक साधे यंत्र पाहा. ‘मिस्ट’ नावाच्या या सराव-यंत्रात यकृत नाही, रक्त नाही. पडद्यावर नुसते गोळे आणि चौकटी दिसतात. विद्यार्थी दोन्ही हातांनी अवजारे चालवून त्यांना पकडतो, सरकवतो, डाग देतो. मुलांचा खेळच म्हणा ना! येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर याची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांनी या यंत्रावर सराव केला, निम्म्यांनी नाही. नंतर सर्वांनी खऱ्या रोग्याच्या पित्ताशयाच्या दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेतला एक टप्पा पार पाडला. आपण कोणाच्या कामाला गुण देतो आहोत, हे परीक्षकांना माहीत नव्हते. सराव केलेल्यांचे काम २९ टक्के जलद झाले. दुसऱ्या गटाच्या चुका त्यांच्या सहापट भरल्या.

गट लहान होता, एवढ्यावर फार मोठी विधाने करू नयेत. तरी चाचणीची पद्धत मला पटते. तिथे मोजमाप यंत्रावर मिळालेल्या गुणांचे झाले नाही, रोग्यावर केलेल्या कामाचे झाले. नाहीतर यंत्रावरच्या सरावाने यंत्रावर चांगले गुण मिळतात, हे सिद्ध करायला प्रयोग कशाला हवा?

शस्त्रक्रियेची आखणी करताना मात्र गोळे आणि चौकटी चालत नाहीत; तिथे हुबेहूबपणा हवाच, आणि तोही त्याच रोग्याचा. जबड्याच्या हाडाचा त्रिमितीय नमुना सीटी स्कॅनवरून छापून घेतला, तर हाड शस्त्रक्रियेपर्यंत बहुधा तसेच राहते. मेंदूचे तसे नाही. कवटी उघडून द्रव वाहून गेला की मेंदू काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभरही खचतो, आणि सकाळी काढलेला नकाशा दुपारी चुकीचा ठरू शकतो.

कोलोरॅडोच्याच प्रयोगशाळेने पुढे सुसान पॉटर यांचे शरीर घेतले. त्यांनी २००० साली स्वतः होऊन संमती दिली, प्रयोगशाळा पाहिली, पुढची पंधरा वर्षे विद्यार्थ्यांशी बोलल्या आणि २०१५ साली ८७व्या वर्षी वारल्या. त्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या होत्या, खुब्यात धातूचा सांधा होता. त्यांची नोंद सुमारे २७,००० थरांची आहे.