पडदे सोडल्यावर

विजेची बेस गिटार वाजविणारा एखादा तरुण ती बाजूस ठेवून डबल बेस हातीं घेतो, तेव्हां त्यास जणू बढती मिळाली असें त्याचे स्नेही समजतात आणि पुष्कळ टीकाकारहि तसेंच लिहितात. कारखान्यांत बनलेलें, नाचगाण्याच्या बैठकींतलें वाद्य टाकून तो आतां व्हायोलिनच्या कुलीन घराण्यांत दत्तक गेला! हें मत आम्हांस मान्य नाहीं. आणि क्रिश्चन मॅकब्राइड या अमेरिकन जाझवादकाचा १९९५ सालीं निघालेला ‘गेटिन टू इट’ हा ध्वनिमुद्रिकासंग्रह ऐकल्यावर तर तें अधिकच पोकळ वाटूं लागतें.

मॅकब्राइड १९७२ सालीं फिलाडेल्फिया येथें जन्मला. वडील बेसवादक, आजोबांच्या पिढींतील एक आप्तहि बेसवादक. नवव्या वर्षीं त्यानें बेस गिटार धरली आणि अकराव्या वर्षीं डबल बेस. दोन वर्षांचेंच अंतर. पण त्या दोन वर्षांत ओलांडलेली दरी लहान नव्हे.

वरवर पाहतां ती दिसत नाहीं, हीच यांतील फसगत. दोन्ही वाद्यांच्या चार तारा एकाच क्रमानें, एकाच सुरांत मिळविलेल्या असतात. तेव्हां नवशिक्यास वाटतें कीं, आपली विद्या जशीच्या तशी उचलून नेतां येईल. परंतु गिटारीच्या मानेवर पडदे असतात, आणि बोट दोन पडद्यांच्या मध्यें कोठेंहि पडलें तरी सूर ठरलेलाच निघतो. लिओ फेंडर यानें १९५१ सालीं आपली बेस गिटार बाजारांत आणली, तेव्हां तिला ‘प्रिसिजन’ म्हणजे ‘अचूकपणा’ हें नांव पडलें, तें या गुणामुळें. डबल बेसला पडदा नाहीं. तेथें सूर वादकाच्या कानांत अगोदर असावा लागतो, मग तो तारेवर सांपडतो. सतार सोडून सरोद घेणाऱ्यास ही अडचण समजावून सांगावयास नको.

शिवाय तारेची बोलती लांबी ३४ इंचांवरून ४२ इंचांच्या आसपास जाते. गिटारीवर चार बोटें चार पडदे सांभाळतात. येथें खालच्या स्थानांत पहिलें बोट आणि करंगळी यांच्यामध्यें जेमतेम एक पूर्ण स्वराचें अंतर बसतें, व अनामिका बिचारी करंगळीच्या मदतीस उभी राहते. जें काम बोटें पसरून होत असे, तें आतां सबंध हात सरकवून करावें लागतें. आणि सर्वांत मोठा फरक सुराच्या आयुष्याचा. गिटारीचा सूर विजेच्या बळावर रेंगाळतो. डबल बेसचा छेडलेला सूर भरदार उमटतो आणि लौकर विरतो. तेव्हां दोन सुरांमधील रिकामी जागाहि वादकानेंच सांभाळावयाची असते. पुष्कळ गिटारवाले हात फुटेपर्यंत मेहनत करूनहि फसतात ते येथें: ते त्या रिकाम्या जागेस भितात आणि तींत सूर कोंबतात.

‘इन अ हरी’ या चिजेंत मॅकब्राइडहि थोडासा त्या मोहांत सांपडतो असें आमचें मत आहे. बोटांची चपलता चिजेहून पुढें धांवते. पण ‘स्प्लँकी’ ऐकावी. नील हेफ्टीची ही चीज येथें तीन डबल बेसांवर वाजविली आहे. सोबतीस मिल्ट हिंटन, जन्म १९१०, आणि रे ब्राउन, जन्म १९२६. म्हणजे घरांतले आजोबाच म्हणावयाचे. अशा वडीलधाऱ्यांपुढें मॅकब्राइडचा सूर दबत नाहीं, उर्मटहि होत नाहीं. उलट, ज्या चिजेवरून संग्रहास नांव पडलें तींतील ठेका जेम्स ब्राउनच्या वळणाचा आहे, आणि तो अंगीं मुरला तो बेस गिटारीच्या संस्कारानें, हें उघड आहे. जिला टाकून तो ‘वर’ चढला म्हणतात, तिनेंच त्याच्या लयीस हाडें दिलीं.

वाद्याची जात पाहून वादकाची किंमत करण्याची खोड केवळ पश्चिमेकडील नव्हे. आमच्याकडे आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. पेटींत मींड नाहीं, श्रुति नाहींत, हे आक्षेप खोटे नव्हते. परंतु त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनीं रसिकांस डोलविलें होतें, याचें काय करावयाचें?

आणि उलट्या दिशेनें गेलेल्यांचें काय? स्टीव्ह स्वॅलो हा डबल बेसमधील नांवाजलेला वादक; त्यानें १९७० च्या सुमारास तें वाद्य ठेवून दिलें आणि पुढें बेस गिटारच वाजविली. त्याचें अधःपतन झालें असें म्हणण्याचें धैर्य कोणा जाणत्यास होईल, असें वाटत नाहीं. जॅको पॅस्टोरियस याचा १९७६ सालचा संग्रह ऐकावा. त्यानें तर विजेच्या गिटारीवरच पडद्यांशिवाय सूर शोधले. खुद्द मॅकब्राइडनें २००० सालच्या ‘साय-फाय’ आणि २००३ सालच्या ‘व्हर्टिकल व्हिजन’ या संग्रहांत आपली जुनी गिटार पुन्हां हातीं घेतली. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरीं जेवतो, आणि दोन्ही घरचें पान त्याच्यासाठीं मांडलेलें असतें.