पाहुणी गंगा आणि बदललेला पाऊस

वर्षावर्णन हे मराठी कवितेचे वडिलोपार्जित धन होय, असे मानण्याचा आम्हां अध्यापकांचा प्रघात आहे. 'मेघदूता'तील मेघ ठरल्या मार्गाने जातो, बालकवींचा श्रावण ऊनपावसाचा खेळ मांडतो, आणि आम्ही वर्गात त्यांची सौंदर्यस्थळे दाखवून मोकळे होतो. परंतु एकदा येवल्याकडील एका विद्यार्थ्याने, "सर, हा मेघ आमच्या गावी का थांबत नाही?" असे विचारले, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. इगतपुरी-त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे पर्जन्यछायेत विरतो; एकाच जिल्ह्यातील हे अंतर आम्ही वर्गात कधी उच्चारलेच नव्हते.

ह्या दृष्टीने कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता पुन्हा वाचण्याजोगी आहे. पुराने घर धुऊन नेलेला माणूस आपल्या गुरूकडे पैसा नव्हे, धीर मागतो. कवितेचे हे तेज वादातीत आहे. आमचा आक्षेप तिच्या रूढ वाचनावर आहे. नदीला पाहुणी म्हणण्यात वेदना हसतमुखाने झाकण्याची मर्दुमकी आहे. आम्ही मात्र तीत दैवगती पाहिली आणि पाहुणी येते तशी जाते, असे मानून निश्चिंत झालो.

२०१६ च्या उन्हाळ्यात नाशिकचे रामकुंड कोरडे पडले आणि त्याच वर्षी ऑगस्टात गोदेला पूर आला. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी किती चढले, ह्यावरून पूर मोजणाऱ्या ह्या नगरीने दोन्ही टोके पाहिली. एका वर्षावरून सिद्धान्त बांधू नये, हे खरे. परंतु हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. आणि १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असे शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले. थोड्या तासांत कोसळलेले पाणी जमिनीत मुरत नाही. भरलेल्या गंगापूर धरणातून ते सोडावे लागते. पुढे पाऊस ओढ देतो, तेव्हा त्याच खोऱ्यातील जायकवाडीला किती पाणी द्यावे, ह्यावरून नाशिक व मराठवाडा समोरासमोर उभे राहतात.

कवीने प्रवचन करावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या पावसामागे मनुष्याचा हात आहे, त्याला केवळ दैव म्हणणे हा वाचकाचा आळस होय. पाठीवर हात ठेवणे हे गुरूचे अर्धे कर्तव्य. घर का वाहून गेले, हे शिष्यासह शोधणे हे उरलेले अर्धे. ते आम्ही अद्याप पार पाडलेले नाही.